अंझिरतआपाचं बोट

अंझिरतआपाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मी कधी वाढलेलं पाहिलं नाही. बाकीच्या नऊ नखांत काजळी, पीठ, कपाशीचे डाग, काय वाटेल ते असायचं. हे एक नख मात्र ती दर जुम्म्याला मुळापर्यंत कापायची आणि वर दगडावर घासायची. ते घशात घालायचं बोट होतं. आमच्या चिनारलिकमध्ये पोराचा घसा सुजला की आया त्याला उचलून आधी तिच्या दारी न्यायच्या. त्याच गल्लीत, तिच्या दारापासून दीडशे पावलांवर माझा सरकारी दवाखाना होता आणि माझ्या कपाटात पेनिसिलिन होतं.

मी एकसष्ट साली या गावात आले तेव्हा बावीस वर्षांची होते. डॉक्टर नव्हे; डॉक्टरच्या खालची, नर्सच्या वरची, गावाला पुरेल एवढं शिकलेली. कोकंद शहरातली मुलगी, तीही बिनलग्नाची, म्हणजे फरगाण्याच्या खोऱ्याच्या या टोकाला निम्मी परकीच. बायका तोंडावर मला मुहय्याआपा म्हणायच्या आणि पाठीमागे 'सुई'. रडणाऱ्या पोराला गप्प करायचं असलं की माझं नाव काढायच्या: थांब, सुईला बोलावते. अशा कीर्तीवर दवाखाना चालत नसतो, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

तिचा दवाखाना उजाडायच्या आधी भरायचा आणि ऊन आलं की मिटायचा. अंगणात तुतीखाली लाकडी बाज होती. आई पोराला मांडीत आवळून धरायची, त्याचे पाय आपल्या पायांत अडकवून. अंझिरतआपा बोटाला कापूस गुंडाळायची, तो मिठात आणि कढईच्या बुडाच्या काजळीत बुडवायची, "माझा हात नाही, बीबी फातिमेचा हात," असं पुटपुटायची, आणि पोराने रडायला आ वासला की बोट आत. सुजलेली गाठ दाबायची, फुटली तर फोडायची. पोर रक्त आणि पू थुंकायचं, मग ती त्याच्या तळहातावर दोन बेदाणे ठेवायची. पुढचं पोर. कापूस बदलला तर बदलला, नाही तर नाही. मोल ती मागत नसे. कुणी नान ठेवी, कुणी मूठभर चहा. हा हात तिला सासूने मरताना दिलेला. असा हात मिळालेल्या बाईने दारी आलेलं पोर परत पाठवलं तर हात जातो, असं ती मनापासून मानायची. ढोंगी नव्हती ती. ढोंगी असती तर माझं काम सोपं झालं असतं.

आणि त्या बोटाने पोरं बरी व्हायची, हीच तर मेख होती. त्या घशाची जातच अशी, की काही केलं नाही तरी पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो. माझ्या सुईने पाच दिवस, तिच्या बोटानेही पाच दिवस. मग ढुंगणाला भोक कशाला पाडून घ्या? तीन आठवड्यांनी त्याच पोराचा गुडघा सुजला, तर तो थंड पाण्यात खेळल्यामुळे. वर्षाने ते पोर धावताना मागे पडायला लागलं, तर ते मामाच्या वळणावर गेलं म्हणून. घशापासून काळजापर्यंत जाणारा रस्ता कुणाला दिसत नाही. मी तो खडूने फळ्यावर काढून दाखवायचे, बायका चहा पीत मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या दारी जायच्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

चौसष्टच्या वसंतात बालवाडीत ताप शिरला. अंगावर लाल पुरळ, जीभ पिकल्या तुतीसारखी. एकोणीस पोरं पडली. त्यातल्या एकाची, पाच वर्षांच्या मुलाची, लघवी तिसऱ्या आठवड्यात बंद झाली आणि तो फुगून मेला. तेव्हा कुठे जिल्ह्याहून तपासणीची माणसं आली, सूक्ष्मदर्शक घेऊन. मला वाटलं, आता माझे दिवस आले. मी सगळ्यांचे घसे पुसून काचेवर घेतले आणि अंझिरतआपालाही हाताला धरून आणलं. तिचं बोट कापसाने पुसलं, रसायनात रंगवलं. काचेखाली सगळं होतं. मी तिला म्हटलं, ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तिने एक डोळा मिटून दुसरा लावला.

"मणी आहेत," ती शेवटी म्हणाली.

"हो. जांभळे मणी, एकाला एक चिकटलेले. हेच पोरांचे घसे खातात. हे तुझ्या बोटावर होते, आपा."

"माळ आहे." तिने डोळा काढला. तिचा चेहरा उजळला होता. "तसबीह आहे ही, मुहय्या. माझ्या बोटावर तसबीह आहे."

मी तिला दहा वेळा समजावलं. ओरडले. ती माझ्याकडे दयेने बघत राहिली, आपल्याला दिसलं ते हिला शिकूनसुद्धा दिसत नाही, अशा दयेने. मग बोट कपाळाला लावून घरी गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सरकारच्या काचेत अंझिरतच्या बोटावर देवाचं नाव जपायची माळ दिसली. दुसऱ्या पहाटे शेजारच्या तीन गावांतून गाढवगाड्या आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हात तिचा असला तरी दाखवणारी मी होते.

या बाईला चार लेकरं झाली, त्यातली तीन पाळण्यातच गेली. राहिली ती ओल्तिनोय. नवरा कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला, शब्दाला महाग. त्यामुळे घरात बोलायचं सगळं काम ओल्तिनोयकडे होतं, आणि ती ते चोख करायची. सात वर्षांची असल्यापासून माझ्या दवाखान्यात पडीक असायची. सुया उकळायची डबी लावून द्यायची, वाट बघणाऱ्या बायकांच्या नकला करायची, माझीही. आईचा धाक नव्हता तिला, पण आईच्या बोटापुढे मात्र तोंड उघडायची. थंडीत तिचा घसा सतत धरायचा.

आता ऐका. दारी आला तो पाहुणा, आणि पाहुण्याच्या आधी घरचं माणूस ताटाला हात लावत नाही, हा इथला कायदा आहे. अंझिरतआपाने तो घशालाही लावला. पहाटे आधी परगावची पोरं, मग गल्लीतली, मग शेजारची. सगळी उरकली की उरलेल्या कापसाचं तेच बोट शेवटी ओल्तिनोयच्या घशात जायचं. तिला यात मोठेपणा वाटायचा. मी एकदा विचारलं, निदान स्वतःच्या पोरीचं तरी आधी का करत नाहीस? तिला प्रश्नच कळला नाही. आधी स्वतःचं पोर, ही कुठली रीत, म्हणाली.

अकराव्या वर्षी ओल्तिनोयचा उजवा गुडघा सुजला. तो उतरला तर डावा. मग घोटा, मग कोपर. मी तिच्या छातीला नळी लावली आणि जे ऐकायला नको होतं ते ऐकलं. दोन ठोक्यांच्या मध्ये एक गुरगुर होती. फरगाण्याच्या इस्पितळात नेलं, तिथल्या काळजाच्या डॉक्टरने तिला बाहेर बसवून आम्हा दोघींना सांगितलं: झडप आवळायला लागली आहे, आणखी आवळत जाणार. दर महिन्याला एक सुई, वर्षानुवर्षं, म्हणजे नवा घसा धरणार नाही. पुढे ताश्कंदला छाती उघडून झडप सैल करता येते. लग्न करायचं तर ते केल्यावर. आणि ते न करता पोटुशी राहिली तर वाचणार नाही. हे शेवटचं वाक्य तो दोनदा बोलला. अंझिरतआपाने दोन्ही वेळा ऐकलं, मी साक्षीला आहे.

परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "छातीवर वण असलेली मुलगी कोण करून घेईल?"

ऑपरेशन तिथेच संपलं. सुईचं मात्र मी सोडलं नाही. पण पोरीने महिन्याच्या महिन्याला दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे गावाला पत्र वाटण्यासारखंच. म्हणून मी सुईची डबी रुमालात नानखाली लपवून चहाला म्हणून त्यांच्याकडे जायचे. ते औषध दाट असतं, आत जाताना मांस जाळतं. ओल्तिनोय उशीचं टोक चावायची आणि झालं की म्हणायची, "सुईआपा, तुमच्यापेक्षा आईचं बोट बरं. ते निदान बेदाणे तरी देतं." पुढच्या खेपेपासून मी खिशातून बेदाणे न्यायला लागले.

पोरगी सोळाची झाली तशा शेजारणी विचारू लागल्या, सुई या घरी दर महिन्याला कसला चहा पिते? अंझिरतआपा मला म्हणाली, या महिन्यात नको येऊ. मग पुढच्याही नको. मग मीच कधी कपाशीच्या हंगामात विसरले, कधी औषध आलं नाही, कधी आलं तर कंटाळा केला. खोटं कशाला बोलू. बोट मात्र एक हिवाळा चुकलं नाही.

आणि ओल्तिनोय दिसायला लागली होती. लग्नात नाचायला उठली की सगळे हातातला चहा विसरायचे. एक गाणं नाचायची, दुसऱ्याच्या मध्यावर हसत बरगडीला हात लावून खाली बसायची. लोकांना तो नखरा वाटायचा. तिच्या गालांवर कायम रंग असायचा, गडद गुलाबी, थोडा जांभळ्याकडे झुकणारा. माझ्या पुस्तकात त्या गालांचं चित्र होतं आणि त्याखाली झडपेच्या रोगाचं नाव होतं.

त्या गालांवर कालव्यापलीकडची बशोरत भाळली. तिचा मुलगा शोकिर कापूस कारखान्यात वजनकाट्यावर बसायचा, घरी दोन गाई, द्राक्षांचा मांडव. मुलगी बघून झाली की आमच्याकडे आजूबाजूला चौकशी करतात. आणि दवाखानेवालीला तर विचारतातच. बायका येणार त्याच्या आदल्या दुपारी अंझिरतआपा माझ्याकडे आली. गरम नान आणली होती. ती मोडून एक तुकडा तिने माझ्या हातात दिला.

"उद्या पोरीचं विचारतील तुला," ती म्हणाली.

मी म्हटलं, विचारू देत. तो डॉक्टर काय म्हणाला ते तुझ्या लक्षात आहे ना? ती म्हणाली, डॉक्टरांना पोरी उजवायच्या नसतात. एकोणिसावं सरत आलंय, आणखी दोन वर्षं घरी राहिली तर सगळं गाव कारण शोधेल आणि त्यांना सापडेल. मुलं देणं न देणं वरच्याच्या हातात.

मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मुहय्या, तू आमची आहेस. तू पोरीची वाट कापणार नाहीस."

पंधरा वर्षांत मला या गावात कुणी 'आमची' म्हटलं नव्हतं. चाळिशीला टेकलेली बाई, घरी वाट बघणारं कुणी नाही, ईदला कुणाच्या दस्तरखानावर बसावं हा दरवर्षीचा प्रश्न. मी नानचा तुकडा तोंडात टाकला. इथे मुलीबद्दल विचारलं की चांगलंच सांगायचं असतं, वाईट सांगणाऱ्या बाईची जीभ झडते म्हणतात. मी त्या म्हणीच्या आड लपले. खरं कारण तो एक शब्द होता.

बशोरत दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली. जाडजूड, हसरी, हिशेबी बाई. तिने फिरवून फिरवून विचारलं नाही.

"गाल डाळिंबासारखे आहेत पोरीचे. नेहमीच असे असतात, की आम्ही येणार म्हणून चोळले होते?"

"नेहमीच असे असतात."

"म्हणजे अंगात दुखणं-बिखणं काही नाही?"

"नाही. तब्येत चांगली आहे," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

लग्न झालं. दुसऱ्या सकाळी ओल्तिनोय ओढणीखाली चेहरा झाकून सासरच्या माणसांना कमरेतून वाकून सलाम करायला उभी राहिली. सत्तर तरी माणसं होती. एकेकाचं नाव पुकारलं जाई, ती तीनदा वाके, सगळे वाहवा करत. मी बायकांत बसून मोजत होते. चाळिसाव्या माणसाला ओढणी हलायला लागली. वारा नव्हता. शेजारची बाई म्हणाली, लाजते आहे बिचारी. मी मूग गिळून बसले.

मग पहाटे अंगण झाडणं, गाईंचं दूध, तंदूरला वाकून नान चिकटवणं. सुनेने सासू उठायच्या आत अंगण झाडून पाणी शिंपडायचं असतं. ओल्तिनोय अर्ध्या अंगणात झाडूवर टेकून उभी राही. बशोरत दुष्ट नव्हती, तिला फक्त फसवलं होतं. धडधाकट म्हणून आणलेली सून जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसते, तर सासू काय समजणार? विहिरीवर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, "आमच्या सुनेला गाल तेवढे दिलेत देवाने, हातपाय द्यायचे राहिले." हे बोलणं अंझिरतआपाच्या कानावर येई. ती कधी काही बोलली नाही. बोलली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओल्तिनोय माझ्याकडे आली आणि हसत हसत म्हणाली, सुईआपा, दोघांचे ठोके ऐकून द्या. तीन महिने झाले होते. मी नळी लावली. मग दार लावून घेतलं आणि डॉक्टर काय म्हणाला होता ते तिला पहिल्यांदा सांगितलं. तोवर तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं सांधे बरे झाले म्हणजे सगळंच बरं झालं. मी म्हटलं, अजून काढता येईल, उद्या माझ्याबरोबर फरगाण्याला चल. तिने उघडी राहिलेली गुंडी लावून घेतली.

"सासूला काय सांगू?" तिने विचारलं. "का काढलं म्हणू?"

खरं काय ते सांग, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगितलं असतं तर बशोरत आधी माझ्या दारात आली असती. माझी नोकरी, माझा 'आमची', सगळं तिच्या तोंडावर होतं. मी म्हटलं, विचार करून सांग. ती गेली आणि परत आली नाही. मीही कालव्यापलीकडे गेले नाही. दिवस मात्र मोजत होते.

सातव्या महिन्यात कपाशी फुटली. सगळं गाव रानात. पोटुशा बायकांना सूट असते, कागदावर. बाकीच्यांच्या सुना जात होत्या म्हणून बशोरतने तिलाही पाठवलं, नुसती सावलीत बसून बोंडं सोल म्हणून. मी औषधांची पेटी घेऊन बांधावर होते. अकराच्या सुमाराला कुणीतरी मला हाक मारली. ओल्तिनोय कापसाच्या गोणीला टेकून बसली होती, दोन्ही हात जमिनीवर रोवून, हवा ओढत. ओठ निळे. गाल तसेच, रंगवल्यासारखे. ती खोकली आणि गोणीतून सांडलेल्या पांढऱ्या कापसावर गुलाबी फेस पडला. बायका म्हणाल्या, रक्त कुठून आलं, बोट कापलं का?

होतं नव्हतं ते मी केलं. हातापायांना पट्ट्या आवळल्या, सुई दिली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसावर बसतं करून जिल्ह्याकडे निघालो. झोपवलं की तिचा श्वास बुडायचा, म्हणून मी पाठीमागे बसून तिला छातीशी धरलं होतं. तिचं काळीज माझ्या हाताखाली पिंजऱ्यातल्या लाव्यासारखं आपटत होतं. पुलाजवळ तिने मान वळवली.

"सासूला सांगू नका," ती म्हणाली, "मी काम टाकून बसले होते म्हणून."

पूल ओलांडायच्या आत ती गेली. पोट आणखी थोडा वेळ हलत राहिलं. मग तेही थांबलं.

पोरीच्या विसाव्या दिवसाच्या नान वाटून झाल्यावर दुपारी अंझिरतआपा दवाखान्यात आली. सुतकातले निळे कपडे, डोळे कोरडे. ती बाकावर बसली आणि तिने उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला, बोट पुढे करून, पोर नाडी दाखवायला ठेवतं तसा.

"तेव्हा काचेत दिसली ती काय होती?" तिने विचारलं. "खरं सांग."

मला माहीत होतं ती काय मागते आहे. तसबीह होती आपा, देवाची मर्जी, असं म्हणायला काय लागत होतं? पोर गेलेलीच होती. एका खोट्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तीन आठवडे माझ्या आत काहीतरी सडत होतं आणि ते बाहेर काढायला मला कुणीतरी हवं होतं. ती समोर बसली होती.

मी तिला सगळं सांगितलं. परीक्षेला बसल्यासारखं, एक मुद्दा न गाळता. ते मणी म्हणजेच रोग. ते एका पोराच्या पुवातून तुझ्या कापसावर येतात, कापसावरून पुढच्या पोराच्या घशात जातात. घसा बरा होतो, पण रक्त त्या मण्यांवर चवताळतं आणि चुकून स्वतःच्याच काळजाला खातं. एका घशाने नाही होत, पुन्हा पुन्हा धरणाऱ्या घशाने होतं. तुझ्या पोरीचा घसा पुन्हा पुन्हा का धरायचा? तू रोज पहाटे गावभराचा रोग गोळा करून शेवटी तिला भरवत होतीस.

ती ऐकत होती. मध्येच तिने एकदाच विचारलं, "पाहुणे आधी होते म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "पाहुणे आधी होते म्हणून."

तिने हात मागे घेतला आणि बाहीत घातला. मी तब्येत चांगली आहे म्हणाले होते, ते तिने काढलं नाही. महिन्याची सुई मी अर्ध्यावर सोडली, तेही नाही. मीही आठवण करून दिली नाही. खरं बोलून ज्या दिवशी एक जीव वाचला असता त्या दिवशी मी खोटं बोलले होते, आणि आज खरं बोलून मला नुसतं हलकं वाटत होतं. उठताना ती म्हणाली, "तुम्ही दमला असाल. येते." सोळा वर्षं ती मला अगं-तुगं करत होती.

दुसऱ्या पहाटे तिच्या दारी नेहमीसारखी पोरं होती. ती बाहेर आली. ओल्तिनोयच्या लग्नातल्या रेशमी झग्याची पट्टी फाडून तिने ते बोट शेजारच्या बोटाला करकचून बांधलं होतं. हात गेला, एवढंच ती म्हणाली, सुईकडे जा. बायकांनी रडून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या. कुणी म्हणालं, पोरीबरोबर हातही गाडला तिने. मग नाइलाजाने माझ्याकडे आल्या. त्या हिवाळ्यात मी दोनशेच्या वर सुया दिल्या. पाच वर्षांनी जिल्ह्याने मला मानपत्र दिलं, की या गावात काळजाचा एकही नवा रोगी नाही. ते मी दवाखान्याच्या भिंतीवर लावलं. तिला ते वाचता येत नव्हतं, पण ती समोरून जाताना मी भिंतीकडे पाठ करून बसायचे.

अकरा वर्षं ती पट्टी सुटली नाही. मळली की वरून दुसरी गुंडाळायची. नान चार बोटांनी मोडायची, पीठ डाव्या हाताने मळायची. मला दिसली की छातीवर हात ठेवून विचारायची, तुमची तब्येत कशी आहे, घर कसं आहे? सगळं रीतीप्रमाणे. ईदला माझ्याकडे ताट पाठवायची, स्वतः आली नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या शिशिरात ती गेली, एकोणसाठाव्या वर्षी, न्यूमोनियाने. शेवटच्या तीन दिवसांत मी सुई घेऊन गेले तेव्हा तिने दंड पुढे केला, तोंड भिंतीकडे फिरवून. अंघोळ घालायला मुलगी-सून कुणी नव्हती म्हणून विहीण आली, बशोरत. ती आता वाकली होती. ती अंग धूत होती, मी पाणी ओतत होते. उजव्या हाताशी आल्यावर तिने पट्ट्या सोडल्या, एकाखाली एक, शेवटी लाल-पिवळं रेशीम. आत बोट पांढरं पडलेलं, काटकीएवढं बारीक, शेजारच्या बोटाला चिकटून वाकडं झालेलं. नख वाढून मांसात शिरलं होतं.

बशोरत ते हातात धरून बघत राहिली. मग तिने माझ्याकडे वर पाहिलं, पूर्वी एकदा दवाखान्यात पाहिलं होतं तसंच, सरळ.

"मुहय्या, हे कसलं दुखणं होतं हिला?"

"काही नाही," मी म्हटलं. "म्हातारपणाचं."

तिने मान डोलवली आणि ते बोट धुतलं.